कोअ‍ॅक्स केबलचा घरगुती वाय-फाय अँटेना: मापं बरोबर, तरी सिग्नल का पडतो?

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. कोअ‍ॅक्स केबलचे आठ तुकडे कापले, मधली तार आणि जाळी आलटून पालटून जोडली, पीव्हीसीच्या नळीत घालून गच्चीवर उभा केला. आणि राउटरसोबत फुकट आलेला बोटभर रबरी अँटेना याच्यापेक्षा बरा चालतो! दुसरी तक्रार हिच्याच मागोमाग येते: मेपर्यंत झकास होता, जुलैत मेला, दिवाळीनंतर आपोआप सुधारला आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हा उद्योग करणारे थोडके नाहीत. घोडबंदर रोडच्या सोसायटीत गच्चीवरून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत वाय-फाय न्यायचं असतं, ऐरोलीच्या रो-हाउसमधून मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपला नेट हवं असतं, आणि काहींना नुसतीच खुमखुमी असते. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते, ती म्हणजे केबलचा वेलोसिटी फॅक्टर, म्हणजे हवेच्या तुलनेत लहर केबलच्या आत किती वेगाने चालते तो आकडा. तिच्याकडे वळण्याआधी चार किरकोळ कारणं बाजूला काढू, कारण त्यांच्यापायी चांगला अँटेना उगाच मोडीत निघतो.

आधी हे तपासा

राउटरवरचा कनेक्टर बहुधा साधा एसएमए नसतो, उलट्या पिनेचा आरपी-एसएमए असतो. आटे हुबेहूब तेच, पण पिन आणि भोक यांची अदलाबदल केलेली. राउटरच्या बाजूला बाहेरून आटे आणि मध्ये पिन. तुम्ही आणलेल्या साध्या एसएमए प्लगमध्येही पिनच. पिनेवर पिन टेकते, आटे अर्धवट बसतात आणि जोर लावला तर राउटरची पिन वाकते. उलट बाजूने दोन्हीकडे भोक आलं तर सगळं घट्ट बसतं, पण आत कशाला काही लागतच नाही. दुकानात ‘एसएमए द्या’ म्हटलं की तो एसएमएच देणार, त्याचा दोष नाही.

दुसरं, राउटर ड्युअल-बँड असेल तर फोन गुपचूप ५ गिगाहर्ट्झला चिकटलेला असतो आणि शिव्या मात्र २.४ च्या अँटेनाला बसतात. चाचणीपुरतं ५ बंद करा. तिसरं, राउटरला दोन-तीन अँटेना असतात आणि तो ते सगळे मिळून वापरतो. त्यातला एकच बदलला तर सिग्नलचे आकडे सुधारले तरी वेग तसाच राहतो, कधी कमीही होतो. चाचणीला एकाच अँटेनाचा यूएसबी अडॅप्टर सर्वांत चांगला, त्यात गोंधळाला जागा नाही.

चौथं कारण खर्चिक आहे. आरजी-५८ जातीची केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. गच्चीपासून घरापर्यंत १० मीटर ओढली तर निघालेल्या ताकदीचा दहावा हिस्साच वर पोहोचतो. म्हणजे गच्चीवर आठ डेसिबल कमवायचे आणि जिन्यात दहा घालवायचे. राउटरचं खोकं वर न्या, अँटेनाच्या बुडाशी लावा आणि खाली फक्त लॅन केबल सोडा. वीजही त्याच केबलमधून पीओईने चढवता येते. कोअ‍ॅक्स लांब न्यायचीच असेल तर एलएमआर-४०० च्या तोडीची जाड केबल घ्या. ती मीटरमागे पाव डेसिबलहून कमी खाते, पण वळवताना हाताला घाम फोडते.

खरं दुखणं: माप दुसऱ्याच केबलचं

हॅरल्ड व्हीलर यांनी १९५६ मध्ये ही रचना मांडली, आणि तिची युक्ती अजूनही मला सुंदर वाटते. केबलच्या आतून जाताना लहर प्रत्येक अर्ध्या तरंगलांबीला उलटी होते. नेमक्या त्याच जागी मधली तार आणि जाळी यांची अदलाबदल केली की ती दुसऱ्यांदा उलटते, म्हणजे सुलटी होते. त्यामुळे प्रत्येक सांध्यावर बाहेरच्या जाळीला एकाच तालात धक्का बसतो, सगळे तुकडे एकसुरात प्रक्षेपण करतात आणि ताकद आडव्या पट्ट्यात गोळा होते. इथे हिशेब केबलच्या *आतल्या* अर्ध्या तरंगलांबीचा आहे, हवेतल्या नव्हे. आतली लहर किती हळू चालते हे मधल्या प्लास्टिकवर ठरतं, आणि तोच वेलोसिटी फॅक्टर.

वाय-फायच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्याचा मध्य २४४१ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. तिथे हवेतली तरंगलांबी १२२.८ मिलिमीटर आणि तिचा अर्धा ६१.४. आता केबल बदलून पाहा. भरीव पॉलिथिलीनच्या आरजी-५८ किंवा आरजी-२१३ चा फॅक्टर ०.६६, तुकडा ४०.५ मिलिमीटर. टेफ्लॉनची केबल असेल तर ०.६९५ च्या आसपास, तुकडा ४२.७. फोमची, म्हणजे टीव्ही-डिशसाठी मिळणारी आरजी-६ असेल तर ०.८२ ते ०.८५, आणि ०.८३ धरला तर तुकडा ५१ मिलिमीटर.

बहुतेक कृती आरजी-२१३ किंवा आरजी-५८ साठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे घरात, शेजारी, केबलवाल्याकडे जो उरलेला गुंडा सापडतो तो आरजी-६ चा असतो. माप एका केबलचं, कात्री दुसरीवर.

वसंत विहारचा एक इंजिनीअरिंगचा मुलगा असाच अँटेना घेऊन आला होता. “काका, प्रत्येक तुकडा साडेचाळीस मिलिमीटर, व्हर्नियरने मोजलाय. केसाचाही फरक नाही.” खरंच नव्हता, काम इतकं नेटकं की बघत राहावं. मी उरलेल्या केबलचं टोक सोललं आणि पांढऱ्या प्लास्टिकवर अंगठ्याचं नख दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. भरीव पॉलिथिलीनवर नखाचा नुसता ओरखडा उठतो. खळगा पडला की फोम समजावा. मग त्याला विचारलं, समोरच्या इमारतीत कुठल्या मजल्यावर सर्वांत चांगला मिळतो? तो म्हणाला, “तेच तर कळत नाही. समोरच्या गच्चीवर काहीच नाही आणि चार-पाच मजले खाली फुल!”

त्याला न कळलेलं उत्तर गणितात आहे. फोमच्या केबलमध्ये ४०.५ मिलिमीटरच्या तुकड्यात लहर १८० अंशांऐवजी १४३ अंशच चालते. दर सांध्याला ३७ अंशांची चूक, आणि ती एकाच दिशेने साठत जाते: सात सांध्यांवर जवळजवळ २६० अंश. वरचे तुकडे खालच्यांच्या आधीच सूर लावतात, त्यामुळे पट्टा जमिनीकडे झुकतो. हिशेब केला तर झुकाव सुमारे १७ अंशांचा येतो, म्हणजे ५० मीटरवरच्या इमारतीत १५ मीटर खाली, अंदाजे पाच मजले. अँटेना चालत होता, पण भलतीकडे बघत होता. तुकडे लांब झाले तर उलटं होतं: पट्टा वर झुकतो आणि सिग्नल पक्ष्यांना मिळतो.

हातात कुठलंच यंत्र नसेल तरी यावरून निदान होतं. राउटर आळीपाळीने चॅनल १ आणि चॅनल ११ वर ठेवा आणि समोर त्याच उंचीवर, त्याच जागी फोनवर डेसिबलचे आकडे पाहा. ११ वर ठळकपणे बरा असेल तर तुकडे आखूड आहेत, १ वर बरा असेल तर लांब. फरक लहान असतो आणि भिंतींवरून परतणाऱ्या लहरी फसवतात, म्हणून फोन हातभर इकडेतिकडे सरकवून सरासरी काढा. एकाच जागेच्या एका आकड्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही.

कापण्याआधी केबल मोजा

केबलवरच्या छपाईवर जाऊ नका. तीच छपाई आणि आत वेगळा फोम, हे सर्रास दिसतं. मोजायच्या दोन सोप्या पद्धती आहेत.

पहिली मल्टिमीटरची, फक्त त्याला कपॅसिटन्सची रेंज हवी. १० मीटरचा गुंडा घ्या, दुसरं टोक मोकळं ठेवा, मधली तार आणि जाळी यांच्यातली कपॅसिटन्स मोजा. प्रोबच्या वायरींची स्वतःची कपॅसिटन्स आधी मोजून वजा करा. उरलेल्याला लांबीने भागून मीटरमागे किती पिकोफॅरड ते काढा. फॅक्टर = ३३३६ ÷ (केबलचा इम्पीडन्स, म्हणजे तिचा ओहममधला ठरलेला आकडा × मीटरमागचे पिकोफॅरड). ७५ ओहमच्या केबलला १० मीटरमागे ५३५ पिकोफॅरडच्या आसपास आले तर फॅक्टर ०.८३, ६७४ आले तर ०.६६. दोन्हींत इतकं अंतर आहे की स्वस्तातला मीटरही फसत नाही. लहान तुकड्यावर मात्र हे करू नका. पन्नास-साठ पिकोफॅरडला साध्या मीटरचे आकडे नाचत राहतात.

दुसरी पद्धत नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना-केबल तपासायचं खिशातलं यंत्र, असलेल्यांसाठी. अनेकांची अशी समजूत असते की आपलं यंत्र २.४ गिगाहर्ट्झपर्यंत जात नाही, म्हणजे इथे निरुपयोगी. तसं नाही. ५० सेंटिमीटरचा तुकडा, टोक मोकळं, आणि पडद्यावरच्या गोल आलेखावर, म्हणजे स्मिथ चार्टवर, रेषा पहिल्यांदा डाव्या टोकाला, म्हणजे शॉर्टच्या जागी, कधी पोहोचते ते पाहा. मेगाहर्ट्झमधली ती फ्रिक्वेन्सी गुणिले मीटरमधली लांबी, भागिले ७५, की फॅक्टर हातात. ९९ मेगाहर्ट्झ आले तर ०.६६, १२४.५ आले तर ०.८३. लांबी मोजताना कनेक्टरच्या आतला भागही धरा, नाहीतर दोन टक्क्यांची चूक तिथेच होते.

मग ६१.४ ला त्या फॅक्टरने गुणा आणि कापा. लांबी म्हणजे जाळीची लांबी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सांध्यातली फट १–२ मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी. एक मिलिमीटरची चूक भरीव केबलमध्ये साडेचार अंश होते. ती कुठे कमी कुठे जास्त झाली तर बरीचशी आपसात कटते, पण पट्टीचा शून्यच झिजलेला असेल आणि प्रत्येक तुकडा एकाच बाजूला चुकला तर सात सांध्यांवर तीस अंश साठतात. म्हणून लाकडी पट्टीवर खिळा ठोकून साचा करणाऱ्यांनी आधी तो खिळाच तपासावा.

सांधे

फोमचा फॅक्टर कळला म्हणून आरजी-६ घ्यावी असं मी म्हणणार नाही. तिची जाळी आणि फॉइल बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते. त्यावर सोल्डर धरत नाही. गोळा होऊन घरंगळतो. फ्लक्स ओता, सोल्डरची इस्त्री जास्त तापवा, तो चमकदार मणी जाळीवर बसायचं नावच घेत नाही, आणि तोवर खालचा फोम आकसून मधली तार एका बाजूला सरकलेली असते. काहीजण सोल्डर न करता एका तुकड्याची तार दुसऱ्याच्या जाळीखाली नुसती खुपसतात. टेबलावर ते चालतं. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट, खारट हवेत तांब्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम लवकर पांढरं पडतं आणि संपर्क जातो.

तांब्याच्या, शक्यतो कथील चढवलेल्या जाळीची, भरीव पॉलिथिलीनची आरजी-५८ घ्या. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडवर ती मीटरवर मिळते. दुकानातच टोक सोलून दाखवायला सांगा, चाकूने जाळी खरवडली की आत तांबूस दिसलं पाहिजे. पॉलिथिलीन ११० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं आणि सोल्डर १८३ अंशांना, म्हणजे शर्यत हरलेलीच आहे. तेव्हा दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं सोल्डर चढवून ठेवा, मग टेकवून क्षणभर इस्त्री लावा आणि काढा. ताकदीची इस्त्री आणि थोडा वेळ, हे कमजोर इस्त्री आणि जास्त वेळ यापेक्षा कधीही बरं. हे जमत नसेल तर टेफ्लॉनची केबल महाग पडते, पण वितळत नाही.

प्रत्येक सांध्यानंतर मल्टिमीटरचा बझर लावून पाहा. आठ तुकड्यांमध्ये सात अदलाबदली, म्हणजे सगळ्यात खालच्या तुकड्याची मधली तार सगळ्यात वरच्याच्या जाळीशी बोलली पाहिजे, खालची जाळी वरच्या तारेशी, आणि दोघी एकमेकींशी बोलता कामा नये. जाळीचा एखादा केसभर धागा सुटून तारेला टेकला की सगळी मेहनत पाण्यात. तो भिंगाशिवाय दिसत नाही.

वरच्या टोकाला मधल्या तारेवर जी पाव तरंगलांबीची काडी असते ती मात्र हवेच्या हिशेबाने कापायची, ३० मिलिमीटरच्या आसपास. तिला फॅक्टर लावणारेही भेटतात.

हात लावला की सिग्नल बदलतो

खालची केबल मुठीत धरली आणि सिग्नल हलला, तर केबलची बाहेरची बाजूही अँटेना बनली आहे. बुडाशी पाव तरंगलांबीची तांब्याची किंवा पितळेची नळी चढवा: वरच्या टोकाला जाळीला सोल्डर केलेली, खाली मोकळी. लांबी ३० मिलिमीटरहून थोडी कमी, कारण आत केबलचं आवरण असतं. फेराइटचे मणी या फ्रिक्वेन्सीला भरवशाचे नाहीत.

पावसाळ्याचं कोडं

जुलैत मरून दिवाळीला जिवंत होणारा अँटेना तुटलेला नसतो, ओला असतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तो जितका मोठा तितकी लहर हळू) ८० च्या घरात, पॉलिथिलीनचा सव्वादोनच्या आसपास. सांध्याच्या फटीत, उघड्या फोमच्या टोकात थोडं जरी पाणी शिरलं तरी तिथला वेलोसिटी फॅक्टर कोसळतो, आणि एवढं मोजूनमापून कापलेलं माप पुन्हा खोटं ठरतं. शिवाय जाळी पाणी शोषत नेते. वरच्या टोकाला शिरलेली ओल धाग्याधाग्याने पार कनेक्टरपर्यंत उतरते. उघडून पाहिलं तर तांब्यावर हिरवट पूड दिसते. ती एकदा आली की दिवाळीची सुधारणाही दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते.

यावर लोक सिलिकॉन भरतात आणि तिथेच फसतात. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त सिलिकॉन उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना ते अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि तांबं खातं. न्यूट्रल-क्युअर मागून घ्या, त्याला तो वास नसतो. सांध्यांवर श्रिंक-ट्यूब, कनेक्टरवर ताणून गुंडाळायची स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. नळीचं वरचं झाकण पक्कं बंद करा, पण खाली बारीक भोक ठेवा. दोन्हीकडून हवाबंद केलेल्या नळीत दिवसाच्या उन्हानंतर रात्री दव धरतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते.

नळीचीही परीक्षा घ्या. पीव्हीसीचा लहानसा तुकडा मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये, शेजारी पाण्याने भरलेला कप ठेवून, मिनिटभर फिरवा. ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झलाच चालतो. तुकडा गरम झाला तर तो तुमचा सिग्नलही खाणार, दुसरी नळी बघा. पातळ पांढरी इलेक्ट्रिकची नळी बहुधा पास होते. ओव्हन घरातला असेल तर हा प्रयोग कुणाच्या तरी कानावर घालून करा.

सिग्नल भरपूर, वेग नाही

हे सगळं नीट झाल्यावरही उरते अशी एक तक्रार आहे, आणि तिला अँटेना जबाबदार नाही. आठ तुकड्यांचा बरोबर कापलेला अँटेना साधारण ७ ते ८ डीबीआय गेन देतो, म्हणजे सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा तितके डेसिबल जास्त, आणि त्याच्या प्रक्षेपणाचा पट्टा उभ्या दिशेने १५ ते १९ अंश रुंद असतो. आडव्या दिशेने मात्र अँटेना चहूकडे ऐकतो. घोडबंदर रोडला गच्चीवर उभा केला की चार बाजूंच्या टॉवरमधल्या सगळ्या घरांचे राउटर त्याला तितक्याच जोरात ऐकू येतात. फोनवर अ‍ॅनलायझर उघडून पाहा; १, ६ आणि ११ तिन्ही चॅनल गच्च असतील तर गेन वाढवून गोंगाटच वाढतो. वर अ‍ॅम्प्लिफायर लावण्याचा विचार तर सोडाच. विनापरवाना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अँटेनाच्या गेनसकट ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम, ही मर्यादा आहे, आणि अ‍ॅम्प्लिफायरने ऐकण्याची बाजू सुधारतेच असं नाही.

एका जागेवरून दुसऱ्या एकाच जागी नेट न्यायचं असेल, जसं ऐरोलीतल्या त्या वर्कशॉपला, तर हा अँटेना मुळात चुकीची निवड आहे. तिथे डब्याचा किंवा बायक्वाडचा (तारेच्या दोन चौकोनांचा), एकाच दिशेला बघणारा अँटेना लावा. तो कोअ‍ॅक्सपेक्षा बनवायला सोपा आणि शेजारचा गोंगाट पाठीमागे टाकतो. चारी बाजूंना विखुरलेले कॅमेरे असतील तर कोअ‍ॅक्सचाच ठेवा, मात्र उंच गच्चीवर नको. कॅमेरे जमिनीवर असतील तर अरुंद पट्टा त्यांच्या डोक्यावरून जातो. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर लावा, आणि वीज कडाडायला लागली की लॅन केबल राउटरमधून काढून ठेवा.